अठरा दिवसांचं पाणी

काल दुपारी बगिच्याचं पाणी बंद केलं. हे पांढुर्ण्याला गेले होते, म्हणून मोटारीचा खटका मीच खाली ओढला. ठिबकच्या नळ्यांतलं उरलेलं पाणी टिपटिपून संपेपर्यंत बांधावर उभी राहिले, घरी आले, हातपाय धुतले आणि कॅलेंडरवर तारखेभोवती लाल गोल केला. मग वही काढून लिहिलं: ताण, दिवस पहिला. पान ताठ, रंग गर्द. वारा नाही.

ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. थंडी सरताना झाडं फुलावर यावीत म्हणून ऐन थंडीत त्यांचं पाणी तोडतात. महिनाभर, कधी सव्वा महिना. यालाच ताण देणं म्हणतात. झाड तहानलं की नवी पालवी काढायचं सोडून देतं आणि थांबून राहतं. नंतर पाणी मिळालं की फुलतं. लवकर पाणी दिलं तर नुसती पानं येतात, उशीर केला तर फांद्या वाळायला लागतात. त्यामुळे या महिन्यात सौंसरच्या बाजारात दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी विचारतात, "किती दिवस झाले तुमच्या ताणाले?"

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षक आहे. दिवसभर हिंदीत रजिस्टर भरते आणि घरी आल्यावर मराठीत वही. लोणच्याच्या बरण्या कधी भरल्या, गॅसची टाकी कधी लावली, कोणत्या झाडाला कधी काय दिलं, सगळं त्यात आहे. आठवणी ठेवायची मला सवय नाही, नोंदी ठेवायची आहे. तरी दरवर्षी ताणाचा पहिला दिवस लिहिला की एक हिवाळा वहीबाहेरून येतो. मुक्ताचा गेम आमच्या घरात होता तो हिवाळा.

मुक्ता आमची एकुलती एक. पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर चित्रं काढायची. त्या वर्षी डिसेंबरात एक जड बॅग, लॅपटॉप आणि गोधडीत गुंडाळलेला एक स्क्रीन घेऊन ती नागपूरच्या बसमधून सौंसरला उतरली आणि स्टँडवरच बापाला म्हणाली, "बाबा, नोकरी सोडली."

ह्यांनी बॅग उचलली होती. ती तशीच हातात धरून म्हणाले, "आधी घरी चाल. बॅग जड हाय."

घरी आल्यावर सगळं कळलं. ती आणि तिचे दोन मित्र मिळून एक गेम बनवत होते. मोठ्या कंपनीचा नाही, तिघांनी आपापल्या घरी बसून केलेला. असल्या गेमला इंडी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं नोकरी सांभाळून केला होता, आता शेवटचा टप्पा होता आणि तो नोकरी सांभाळून होत नव्हता.

"किती दिवस लागतीन?" ह्यांनी विचारलं.

मुक्ताने खिडकीबाहेर पाहिलं. त्याच सकाळी आम्ही पाणी तोडलं होतं. "बहार फुटेपर्यंत द्या, बाबा. तोवर गेम पाठवला नाही तर मी परत नोकरी धरते. त्या दोघांनाही सांगते, संपलं म्हणून."

"म्हणजे फूल फुटलं का पुण्याची बस."

"फूल फुटलं का पुण्याची बस," ती म्हणाली. घरी येऊन तास झाला नव्हता आणि तिची भाषा परत आली होती.

अंगणात खाटेवर माझे सासरे, मामाजी, सोले सोलत बसले होते. तुरीच्या शेंगांची रास मांडीवर. ते एवढंच म्हणाले, "पोरगी बारीक झाली."

मी वहीत दोन ओळी लिहिल्या. ताण, दिवस पहिला. मुक्ता आली.

गेम असा होता. अंतराळात एक जहाज आहे. त्यात बियाणं आणि झाडं भरली आहेत, कुठल्यातरी दूरच्या जमिनीवर लावायला. माणसं सगळी निघून गेलेली, एक माळीणच उरली आहे. पाण्याचं यंत्र बिघडलं आहे आणि टाकीत अठरा दिवसांचं पाणी आहे. तेवढ्यात अकरा खोल्या फिरायच्या, मागे राहिलेले कागद शोधायचे, यंत्र दुरुस्त करायचं, जमीन निवडायची. गेममधला एक दिवस आठ मिनिटांचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ, आणि ते उलटं चालतं. तुम्ही विचार करत बसलात तरी चालतं, चहा घ्यायला उठलात तरी चालतं.

भांडण त्या घड्याळावर होतं. मुक्ताने गेम अर्धवट असतानाच काही लोकांना खेळायला दिला होता, त्यांची पत्रं यायची. समोरच्या खोलीत दिवाणावर मांडी घालून ती मला ती वाचून दाखवायची आणि मी वांगी चिरत ऐकायची. एकाने लिहिलं होतं की चित्रं फार सुंदर आहेत पण घड्याळ दिसताच त्याने गेम बंद केला. दिवसभर ऑफिसात घड्याळच पाहतो, घरी तरी नको. एकीने टाकीत पाणी असताना झाडांना आधी देऊन टाकलं आणि मग आठ दिवस काही करता येईना, म्हणून चिडून लांबलचक पत्र. एकजण जेवायला उठला, परत आला तर सगळं जहाज मेलेलं. त्याने शिव्याच दिल्या होत्या, त्या मुक्ताने वाचल्या नाहीत, नुसतं "पुढचं" म्हणाली. पण एकजण असाही होता की सात वेळा हरला आणि आठव्यांदा खेळायला बसला, आणि तो म्हणत होता की घड्याळ काढलं तर मी खेळणार नाही.

तिच्या पुण्याच्या मित्राचं म्हणणं होतं, घड्याळ काढून टाक. लोकांना निवांत फिरू दे. दुसरा काहीच म्हणत नव्हता. मुक्ता म्हणायची, "घड्याळ काढलं तर मग पाणी संपतंय याला अर्थ काय राहिला?" मग लगेच, "पण कोणी खेळलंच नाही, तर अर्थ घेऊन काय करू?"

मला हे प्रश्न कळायचे नाहीत. मला एवढं कळलं की खेळून पाहणारी माणसं हवी आहेत आणि कोण कसं वागतं ते लिहून ठेवायला हवं आहे. ते काम माझं. मी वहीच्या मागच्या बाजूने रकाने आखले. नाव. कितव्या दिवशी हरले. काय बोलले.

पहिले हे बसले. ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून स्क्रीनला टेकवून ठेवलं आणि माउस असा धरला जसा ट्रॅक्टरचा गिअर. दिसेल ते दाबायचे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दार उघडायच्या आत परत मागे. नवव्या दिवशी पाणी संपलं.

"आठ मिनिटाचा दिवस सांगतं ना तू?" ते मुक्ताला म्हणाले. "माह्या घड्याळात सात मिनिटं पन्नास सेकंद भरले."

"बाबा, गेम लोड व्हायले दहा सेकंद लागते."

"मंग माहे दहा सेकंद वापस दे."

मी 'काय बोलले' या रकान्यात ते तसंच लिहिलं.

मग शेजारच्या शीलाताई. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात, दुपारी सुटल्या की आमच्याकडे यायच्या. त्यांचा प्रकार वेगळा. एक दार चुकीचं उघडलं की त्या गेम बंद करून पहिल्यापासून सुरू करायच्या.

"अहो शीलाताई, चुकलं तर चुकलं, पुढं जा ना," मी म्हणायचे.

"नाही बाप्पा. खाडाखोड माह्याच्यानं पाहवत नाही."

चार दुपारी त्या बसल्या. पहिला दिवस त्यांचा इतका सुरेख झाला होता की पाहत राहावं. पण तिसऱ्या दिवसापलीकडे जहाजात काय आहे ते त्यांना त्या हिवाळ्यात कळलंच नाही.

आणि मी. पहिल्यांदा मीही हरले, पण हरताना सगळं टिपून ठेवलं. कोणत्या खोलीला किती मिनिटं, कोणता कागद कामाचा, कोणता नाही. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक केलं, ते स्क्रीनशेजारी चिकटवलं आणि बसले. पहिली खोली, चार मिनिटं. दुसरी, तीन. तिसरीत झाड आहे आणि भिंतीवर एक लांब कागद. कामाचा नाही, सोडून दिला. सोळाव्या दिवशी यंत्र चालू, जमीन निवडलेली, टाकीत दोन दिवसांचं पाणी शिल्लक. त्या घरात तोवर कोणी जिंकलं नव्हतं. मी मुक्ताकडे पाहिलं.

"तिसऱ्या खोलीतला कागद वाचला?" तिने विचारलं.

"वेळ नव्हता."

"दोन दिवस उरले ना तुझे."

"उरले. पण तेव्हा कुठं माहीत होतं."

तिने माझं वेळापत्रक काढून हातात घेतलं, पाहिलं, परत जागच्या जागी चिकटवलं. "दहावीचंही असंच होतं, आई," म्हणाली. रागाने नाही. मी तिच्या दहावीला तिच्या टेबलासमोर वेळापत्रक लावलं होतं, त्यात अंघोळीला दहा मिनिटं आणि वेणीला पाच होती. तिला चांगले मार्क पडले होते. त्या वर्षाचं मला दुसरं काही आठवत नाही. ती काय गुणगुणायची, कोणत्या मैत्रिणीशी भांडली, काही नाही. मार्क आठवतात, प्रत्येक विषयाचे.

हरण्याजिंकण्याचं सोडा. त्या रकान्यांकडे पाहताना माझ्या लक्षात आलं की वेळ कमी आहे म्हटल्यावर माणसं काही नवीन करत नाहीत. हे बाहेरही घड्याळाशी भांडतात. शीलाताई भाकरी वाकडी झाली तर पीठ परत मळतात. मी सगळं आटपून हात पुसत उभी राहते आणि मग काय करायचं ते मला सुचत नाही.

हिवाळा चढत होता. बोरगावच्या बाजूला कापसाची शेवटची वेचणी चालली होती, बायका सकाळच्या थंडीत स्वेटरवरून वेचणीच्या ओट्या बांधून जायच्या. घरात सोल्याच्या भाजीचा आणि चुलीत भाजलेल्या वांग्याचा वास. बगिच्यातलं गवत आधी वाळलं, मग आळ्यातली माती फुटली. मातीला भेगा पडल्या की तिचा वासही बदलतो, कोरड्या माठासारखा होतो. मुक्ता दिवसातून तीनदा पुण्याशी बोलायची आणि प्रत्येक बोलण्यानंतर जास्त गप्प व्हायची.

बाविसाव्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "घड्याळ काढून टाकते, आई. वेळच नाही ठेवत. ज्याला जितके दिवस फिरायचं तितके फिरू दे."

मी तवा उतरवला. तिला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली.

ती दीड वर्षाची होती. मामाजी आणि हे काटोलला लग्नाला गेले होते. मी एकटी, बगीचा ताणावर. दुपारी गेले तर झाडांची सगळी पानं मान टाकून लोंबत होती. मला बघवेना. कडेवर तान्ही पोर, आणि समोर शेकडो झाडं पाणी मागत आहेत असं वाटलं. मी मोटार सुरू केली. दोन तास चालवली आणि बंद केली. कोणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी बगीचा असा पालवला की रस्त्यावरून जाणारे थांबून पाहायचे. पानंच पानं. फूल शोधून सापडेना. मामाजी एका झाडाखाली बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हिरवागार झाला. पाहायले चांगला हाय." त्यावर एक शब्द नाही, पुढे कधीही. त्या वर्षी शेतात संत्रा नव्हता. दुसऱ्या वर्षीपासून मी ताणाची वही ठेवायला लागले. रोज झाडापाशी जायचं, पान पाहायचं, लिहायचं, आणि मोटारीला हात लावायचा नाही.

मुक्ताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाड जागचं हलत नाही, आई. खेळणारा उठून जातो."

मी तवा परत ठेवला.

मामाजींना गेम दाखवायचं कोणाच्या मनात नव्हतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तेच म्हणाले, "सगळ्यायनं खेळून पाह्यलं, मले काहून नाही?" ते अंगणातली ऊब सोडायला तयार नव्हते आणि उन्हात स्क्रीन दिसत नव्हता. तेव्हा मुक्ताने लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि दोघांच्या डोक्यावरून चादर घेतली. मी वही घेऊन बाहेर बसले. मला दिसत होती ती चादर आणि तिच्याखालून निघालेले चार पाय. दोन भेगाळलेले, दोन मोज्यांतले.

आतून आवाज यायचे.

"हे काय हाय, आबाजी, माहीत आहे का? जहाज."

"असन. झाड कोठं हाय ते सांग."

"तिसऱ्या खोलीत. पण आधी यंत्राच्या खोलीत जावं लागते."

"तू जाय यंत्राच्या खोलीत. मले झाडापाशी ने."

मी रकान्यात काय लिहावं याचा विचार करत होते. आठ मिनिटांचे दिवस चादरीखाली एकेक करून जात होते.

"कोनतं झाड हे?"

"आपलं संत्र्याचंच. विहिरीजवळच्या तिसऱ्या ओळीतलं पाहून काढलं मी."

"हं. पाणी कधी तुटलं याचं?"

"आज अकरावा दिवस."

"अन् पान असं?"

आत माउस दोनदा टिचकला.

"खोटं हाय पोरी तुहं झाड," मामाजी म्हणाले. "अकरा दिवस झाले पाण्याले, अन् पान कसं हसून राहिलं पाय."

"पण आबाजी, किती पाणी राहिलं ते कोपऱ्यात दिसते ना. ते घड्याळ पाहा."

"घड्याळ कायले पाहिजे? मी का घड्याळ पाहून पाणी देतो? पान सांगते ना." आणि मग, "तुह्या त्या लोकायले घड्याळाचा राग येऊन राहिला म्हणतं. येईन नाही तं काय. झाड काही सांगत नाही, नुसतं घड्याळच बोंबलून राहिलं."

चादर एका झटक्यात वर झाली. मुक्ताचे केस विस्कटलेले, चेहरा लाल. ती माझ्याकडे आली आणि माझ्या हातातली वही मागू लागली. मागचे रकाने नाही, पुढची बाजू. ताणाची.

"अशा किती आहेत?" तिने विचारलं.

कपाटातून वीसेक वह्या निघाल्या. तिने त्या दिवाणावर पसरल्या आणि वाचत सुटली. दिवस आठवा, दुपारी पान ढिलं, संध्याकाळी ठीक. दिवस तेरावा, पान शिरेवर दुमडून द्रोणासारखं. दिवस एकोणिसावा, सकाळीही उघडलं नाही. दिवस सव्विसावा, रंग उतरला, हात लावला तर कागद. दिवस एकतिसावा, खालची पानं गळाली, वरची धरून आहेत. वर्षानुवर्षं मी हे चूक होऊ नये म्हणून लिहिलं होतं. हे कोणी वाचेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर ती रोज सकाळी सातला माझ्याबरोबर बगिच्यात यायची. शाल पांघरून, विहिरीजवळच्या तिसऱ्या ओळीतल्या त्याच झाडापाशी. फोनवर त्याच एका फांदीचे फोटो. दवाने चपला ओल्या व्हायच्या, मुळांना मात्र त्यातला थेंब मिळायचा नाही. परत येऊन ती पानं काढायला बसायची. अठरा दिवसांची अठरा पानं, दुपारचं वेगळं, सकाळचं वेगळं. कोपऱ्यातलं घड्याळ तिने पुसून टाकलं. पुण्याचा मित्र फोनवर ओरडत होता, इतकं की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं, लोकांना कळणारच नाही म्हणून. ती म्हणाली, "एकदा झाड मरेल. मग कळेल."

माणूस पानं पाहून वेळ ओळखायला शिकू शकतो की नाही, हे पाहायला, पानं अजून कच्ची असतानाच, आम्ही परत सगळे बसलो. ह्यांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ काढलं, स्क्रीनला टेकवलं आणि मोजायला काही नाही म्हटल्यावर परत बांधलं. त्या वेळी ते खोल्यांतून पळाले नाहीत. पान द्रोणासारखं व्हायला लागलं तसे झाडापाशीच घुटमळायला लागले. यंत्र दुरुस्त झालं नाही. उरलेलं पाणी त्यांनी त्या एका झाडाला दिलं आणि हरले. उठताना म्हणाले, "बाकीचं जाऊ दे. हे तं वाचलं." दहा सेकंदांची आठवण कोणी काढली नाही.

मला वेळापत्रक करता येईना, कारण मिनिटंच नव्हती. पेन हातात तसाच राहिला. तिसऱ्या खोलीत मी थांबले आणि भिंतीवरचा तो लांब कागद वाचला.

ती यादी होती. आधीच्या माळिणीने पुढच्या माळिणीसाठी लिहिलेली. एक, सकाळी पहिलं काम पान पाहणे. दोन, पाहिलेले त्याच दिवशी लिहिणे, उद्यावर टाकू नये. तीन, जेवण वेळेवर करणे, झाडामुळे चुकवू नये. अशा चौदा ओळी. शेवटची ओळ होती: झाडाशी बोलू नये, वेळ जातो. बोलल्यास वहीत लिहू नये.

वळण तिचं होतं, पण वाक्यं माझी होती. मी फ्रिजवर चिकटवते तशी. दोन वर्षं ती यादी त्या जहाजात लावलेली होती आणि मी वेळ वाचवायला ती सोडून पुढे गेले होते. मुक्ता मागे उभी होती. त्या रकान्यात माझ्या नावापुढे 'काय बोलले' मध्ये रेघ आहे.

पस्तिसाव्या दिवशी मामाजींनी पान हातात घेऊन चुरगळलं आणि पाणी द्यायला सांगितलं. पाणी आळ्यात शिरताना भेगाळलेली माती सुस्कारा टाकते, तो आवाज ऐकायला मुक्ता बांधावर बसून राहिली. गेम अजून झाला नव्हता. जहाजातली पक्की पानं नऊ झाली होती, नऊ राहिली होती. पाणी दिल्यावर कळी यायला पंधरा दिवस, फूल उमलायला आणखी थोडे. तेवढेच तिच्याकडे होते.

ते दिवस फार भराभर गेले. ती जेवताना हातावर पानं मोजायची. एक दिवस म्हणाली, "अजून पाच दिवस लागतील, बाबा." ह्यांनी नुसतं "हं" केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता रात्रभर जागून झोपली होती, मी एकटीच वही घेऊन निघाले तर हे बगिच्याच्या फाटकापाशीच उभे. म्हणाले, "पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊ नको."

"काहून?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. वास फाटकापर्यंत आला होता. पूर्वेच्या कोपऱ्याला सकाळचं ऊन आधी लागतं, तिथली झाडं दरवर्षी आठवडाभर पुढे असतात. मी जाऊन पाहिलंच. तीन झाडं, पांढरी जाड पाकळ्यांची फुलं, मधमाश्या. मी वही उघडली. पहिल्या फुलाची तारीख मी दरवर्षी लिहिते, तीच सगळ्यात महत्त्वाची नोंद असते.

"लिहू नको," हे मागून म्हणाले.

"अहो, पण..."

"विहिरीजवळचं तिसऱ्या ओळीतलं झाड पाय. कळी हाय तेथं. बहार फुटेपर्यंत म्हटलं होतं ना तिनं? कळी म्हणजे फूल नाही."

या माणसाने दहा सेकंद परत मागितले होते. मी पेनाला टोपण लावलं.

पाच दिवस ह्यांनी मुक्ताला बगिच्यात जाऊ दिलं नाही. औषध फवारलं आहे म्हणाले. वाऱ्याचं मात्र काही करता येत नव्हतं. दुपारी अंगणात बसलेल्या मामाजींनी मान वर केली, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "फुटलं वाटते."

"शेजारच्या बगिच्यातला वास हाय बाबूजी," हे म्हणाले.

आमच्या शेजारी तूर होती. मामाजींनी तुरीकडे पाहिलं, दारातून दिसणाऱ्या मुक्ताच्या पाठीकडे पाहिलं.

"हो," म्हणाले. "वारा तिकडूनच हाय."

मुक्ताने गेम पाठवला त्या दिवशी विहिरीजवळचं झाडही फुललं होतं. ती बाहेर आली, बापाला म्हणाली, "झालं." हे म्हणाले, "बरं झालं, आज सकाळीच फूल फुटलं." आणि आम्ही सगळे बगिच्यात गेलो.

गेमचं पुढे फार मोठं काही झालं नाही आणि फार वाईटही नाही. बऱ्याच लोकांनी खेळला. ती पत्रं अजून येतात, आवडली ती मुक्ता मला पाठवते, मी वहीत उतरवते. घड्याळाबद्दल आता कोणी भांडत नाही. काहीजण चिडतात की आम्हाला आधी सांगायचं होतं. पुष्कळजण लिहितात की पान वळेपर्यंत आपल्याकडे वेळच वेळ आहे असं वाटलं होतं. एकाने लिहिलं की त्याने तीनदा खेळला आणि तिन्ही वेळा यंत्राकडे न जाता झाडापाशी बसून राहिला. ते वाचून मला चादरीखालचे चार पाय आठवले. मुक्ता वसंत संपताना पुण्याला गेलीच, पण दुसऱ्याच एका कंपनीत, गेम करणाऱ्या. तो गेम पाहूनच त्यांनी बोलावलं होतं. मामाजींना जाऊन आता दोन ताण झाले. आमच्याकडे वर्षं अशीच मोजतात.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. "पाणी तोडलं?" तिने विचारलं. हो म्हटलं. पान कसं आहे विचारलं, सांगितलं. मग म्हणाली, "आई, त्या वर्षी शेजारी तूर होती ना?"

मी म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. वास खिडकीतून येत होता. तुरीला असा वास कुठं येतो?" ती म्हणाली. "बाबा पाच दिवस फवारणीचं सांगत होते आणि पंप कोठीत टांगलेला होता. मी म्हटलं, असू दे. त्या पाच दिवसांत मी जितकी पानं काढली ना, तितकी कधीच काढली नसतील."

फोन ठेवून मी कपाटातून त्या वर्षाची वही काढली. दिवस पहिला ते पस्तिसावा, एकही दिवस चुकलेला नाही. पाणी दिल्याची तारीख आहे, कळीची आहे, काढणीची आहे. पहिलं फूल, असं लिहून पुढे दोन टिंबं दिली आहेत, आणि त्यांच्यापुढे काही नाही. एवढ्या वह्यांमध्ये तेवढी एकच जागा कोरी आहे.

तारीख मला पाठ आहे.